चष्म्यातला ईआरपी: डेटा किती झाकला जातो, किती उघडा पडतो

ईआरपीत, म्हणजे कंपनीचा हिशेब, पगार, साठा एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पगारपत्रक उघडे असताना मागून पावलांचा आवाज आला की विंडो खाली घ्यायची, ही सवय हिशेब आणि एचआर विभागात सगळ्यांच्या बोटांना लागलेली असते. एआर चष्मे, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी पडदा किंवा खऱ्या दृश्यावर माहिती दाखवणारे चष्मे, विकणारे नेमका हाच धागा पकडतात: स्क्रीनच नसेल तर डोकावणार कुठे? दाव्यात तथ्य आहे, पण अर्धेच. चष्मा डेटा लपवत नाही, तो फक्त बघणाऱ्या डोळ्यांची संख्या कमी करतो. बदल्यात बहुतेक वेळा एक कॅमेरा, एक मायक्रोफोन आणि नजरेच्या हालचालींची नोंद कामाच्या जागी आणून ठेवतो. हा सौदा परवडतो की अंगाशी येतो, हे यंत्रागणिक बदलते.

खाली चार प्रकारांचे परीक्षण आहे: लॅपटॉपला केबलने जोडायचे हलके चष्मे, ॲपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट, गोदामात किंवा कारखान्यात घालायचे हेडसेट, आणि फोनच्या कॅमेऱ्यातून चालणारा एआर. कसोटी सगळ्यांना एकच. गोपनीय नोंद किती जणांच्या नजरेला पडते, आणि ती झाकताना कोणता नवा डेटा तयार होतो.

केबलचे चष्मे

एक्सरिअल, व्हिच्यूर, रोकिड या कंपन्यांचे चष्मे यूएसबी-सी केबलमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल घेतात. संगणकाच्या दृष्टीने तो निव्वळ दुसरा मॉनिटर. साध्या मॉडेलांत कॅमेराच नसतो, आणि गोपनीयतेच्या हिशेबात हाच यांचा सर्वांत मोठा गुण आहे. स्क्रीनवर चिकटवायची प्रायव्हसी फिल्टर साधारण ३० अंशांच्या पलीकडून बघणाऱ्याला काळी दिसते, पण बरोब्बर पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला सगळे वाचता येते. चष्मा ती फट बुजवतो.

मात्र चष्मा लावला म्हणजे काम झाले असे नाही. विंडोज बहुतेक वेळा दोन्ही पडद्यांवर तेच दाखवते किंवा पडदा वाढवून देते. म्हणजे चष्म्यात पगार आणि टेबलावरच्या लॅपटॉपवरही तोच पगार. विंडोज आणि पी ही बटणे दाबून ‘फक्त दुसरा पडदा’ हा पर्याय निवडावा लागतो. खरी गोची त्याच्या पुढे आहे. केबल सुटली, नुसती ढिली झाली, तरी विंडोज सगळ्या विंडो लगेच लॅपटॉपच्या पडद्यावर परत आणून मांडते. उपाय दोन. वेगळा कीबोर्ड घेऊन लॅपटॉप झाकून ठेवायचा, किंवा बाहेरचा डिस्प्ले तुटताच संगणक लॉक करणारी छोटी स्क्रिप्ट आयटी विभागाकडून बसवून घ्यायची. दुसरा उपाय जास्त भरवशाचा. झाकण उघडे ठेवू नका असे माणसांना सांगता येते, केबलला नाही.

काचेतून थोडा प्रकाश बाहेरही जातो. समोर बसलेल्याला भिंगात उजेड हलताना दिसतो, खोली अंधारी आणि पडदा पांढरा असेल तर जास्तच. डार्क मोड लावला की तो बराच कमी होतो. अक्षरांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवावी. प्रत्येक डोळ्याला साधारण १०८० पी, दृष्टिक्षेत्र पन्नास अंशांच्या आसपास, आणि कडेची अक्षरे पुसट. वीस रकान्यांची खातेवही यात वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. स्केलिंग (अक्षरांचा आकार) १२५ टक्के करा आणि यादीत सात-आठच रकाने ठेवा. रकाने कमी करणे हीदेखील गोपनीयताच, हे लोक चष्मा विकत घेतल्यावर शिकतात, तो भाग वेगळा.

साइटफुल कंपनीने २०२३ मध्ये ‘स्पेसटॉप’ हा पडदा नसलेला लॅपटॉपच दाखवला होता. पुढे ते यंत्र बाजूला ठेवून कंपनी विंडोज लॅपटॉप आणि चष्मा यांच्यासाठी सॉफ्टवेअर देऊ लागली. कल्पना उत्तम, पण अशा तरुण उत्पादनावर पूर्ण विभाग बसवण्याआधी, उद्या ते बंद झाले तर चष्मा साधा मॉनिटर म्हणून चालेल ना, एवढे बघून घ्यावे.

निकाल: हिशेब, पगार, कायदेशीर कागद आणि प्रवासातले काम यांसाठी सर्वांत कमी जोखमीचा पर्याय. खऱ्या वस्तूंवर माहिती चिकटवणारा एआर यात जवळपास नाही, आणि या कामांना तो लागतही नाही.

व्हिजन प्रो

फेब्रुवारी २०२४ मध्ये विक्रीला आलेल्या या यंत्रात गोपनीयतेचा विचार मुळापासून झालेला दिसतो. ऑप्टिक आयडी बुबुळावरून ओळख पटवते. तुम्ही कुठे बघता हे ॲपला कळत नाही. चिमटीने निवड केल्यावरच ॲपला कळते की अमुक बटण दाबले गेले. नजर ज्या बटणावर जाते ते उजळते, पण ते उजळवण्याचे काम प्रणाली परस्पर करते, ॲपला त्याचा पत्ता नसतो. ईआरपीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. कर्मचारी कोणत्या आकड्यावर किती वेळ रेंगाळला, हे मालकाला मोजताच येऊ नये, ही सोय यंत्रातच आहे.

मॅकचा पडदा यात आणला की मॅकचा स्वतःचा पडदा काळा होतो, वेगळे काही निवडावे लागत नाही. केबलच्या चष्म्यांत जी पायरी हाताने करावी लागते ती इथे आपोआप होते.

मुख्य कॅमेऱ्याचे चित्र ॲपना मुळात मिळत नव्हते. व्हिजनओएस या त्याच्या प्रणालीच्या आवृत्ती २ मध्ये उद्योगांसाठीच्या विशेष परवानगीने ते मिळू लागले, तेही ॲपलकडून घेतलेल्या लायसन्स फाइलसह आणि कंपनीपुरत्याच वाटलेल्या ॲपला. एखादा विक्रेता ‘आमच्या ईआरपी ॲपला कॅमेरा लागतो’ म्हणाला, तर ही फाइल त्याच्याकडे का आहे आणि चित्रे यंत्राबाहेर जातात का, हे लेखी विचारा.

उणिवा दोन. ऑप्टिक आयडीत एकाच माणसाची नोंद होते, त्यामुळे पाळी बदलली की यंत्र दुसऱ्याच्या हातात देणे त्रासाचे. शिवाय २०२४ मध्ये संशोधकांनी ‘गेझप्लॉइट’ नावाचा हल्ला दाखवला. व्हिडिओ कॉलवरच्या पर्सोनाचे, म्हणजे घालणाऱ्याच्या आभासी चेहऱ्याचे, डोळे कसे हलतात यावरून, माणूस आभासी कीबोर्डवर काय टाइप करतो आहे याचा अंदाज बांधता येत होता. ॲपलने व्हिजनओएस १.३ मध्ये कीबोर्ड उघडताच पर्सोना थांबवून ते भोक बुजवले. तरी बोध घेण्यासारखा आहे: हेडसेटमध्ये पासवर्ड टाइप करायची वेळच येऊ देऊ नका. पासकी (पासवर्डशिवाय लॉगिन) वापरा, नाहीतर खरा कीबोर्ड जोडा.

निकाल: एका अधिकाऱ्याच्या टेबलासाठी उत्कृष्ट. दोन-अडीच तासांची बॅटरी आणि आवृत्तीप्रमाणे सहाशे ते आठशे ग्रॅमचे वजन सोसणारा अधिकारी मात्र हवा.

गोदाम आणि कारखान्यातले हेडसेट

मायक्रोसॉफ्टचे होलोलेन्स २ हे इतकी वर्षे या क्षेत्राचे मानक होते. बुबुळावरून लॉगिन, बिटलॉकरने आपोआप होणारे एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात ठेवणे), एकाच यंत्रावर अनेकांची स्वतंत्र खाती: सामायिक वापरासाठी हे आजही कौतुकास्पद वाटते. पण उत्पादन ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले आणि सुरक्षा अपडेट ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच मिळणार आहेत. हातात आहेत ते वापरा, नवा प्रकल्प त्यावर उभा करू नका. गूगल ग्लासच्या उद्योग आवृत्तीची विक्री १५ मार्च २०२३ ला थांबली आणि आधार त्याच वर्षी १५ सप्टेंबरला संपला. ज्यांनी त्यावर ॲप बांधले होते त्यांना सहा महिने मिळाले. या बाजारात यंत्राचे आयुष्य ईआरपीच्या आयुष्यापेक्षा नेहमीच कमी असते, म्हणून डेटाचे नियम यंत्रात कधीच ठेवू नयेत.

रिअलवेअर नेव्हिगेटरसारखे आवाजावर चालणारे हेडसेट हातमोजे घातलेल्या माणसाला सोयीचे. पण आवाज चारचौघांत ऐकू जातो. ‘अमुक ग्राहकाचे बिल उघड’ असे मोठ्याने म्हणावे लागत असेल तर पडदा लपवून उपयोग काय? ॲपमध्ये नावाऐवजी ओळ क्रमांक म्हणायची सोय हवी, ‘आयटम ३ निवड’ अशी. बहुतेक पडद्यांवर ती मिळते, फक्त विक्रेत्याने ती चालू करून द्यायला हवी.

या गटातली बरीच यंत्रे अँड्रॉइडवर चालतात. तिथे ‘फ्लॅग सिक्युअर’ ही खूण ॲपने लावलेल्या विंडोचा स्क्रीनशॉट निघत नाही आणि ती बाहेरच्या पडद्यावर कास्टही होत नाही. मागणीपत्रात ही एक ओळ जरूर घाला. एक अडचण मात्र ठाऊक असू द्या: फोनला जोडलेला चष्मा एचडीसीपी हे चित्राची नक्कल रोखणारे संरक्षण पाळत नसेल तर तीच विंडो चष्म्यातही काळी दिसते. मग विक्रेता ‘तात्पुरता’ तो फ्लॅग काढून टाकतो आणि तो पुन्हा कधीच लागत नाही.

फोनवरचा एआर

फोन शेल्फवर रोखला की मालाचा साठा दिसतो, एवढ्यापुरता हा स्वस्त आणि पुरेसा. पण फोनचा पडदा सगळ्यांना दिसतो, त्यामुळे गोपनीयतेच्या नावाखाली हा विकला जात असेल तर सरळ नाही म्हणा. साठा, यंत्राची दुरुस्ती, पत्ता शोधणे अशा बिगर-गोपनीय कामांसाठी ठीक.

खरे कुलूप सर्व्हरवर

आता ज्यावर सगळे अवलंबून आहे ती गोष्ट. कोणताही चष्मा घ्या, त्यात काय दिसावे हे सर्व्हरने ठरवायला हवे. बाजारातली बरीच एआर जोडणी याच्या नेमकी उलट करते. ईआरपीत ‘एआर ॲप’ नावाचा एक तांत्रिक वापरकर्ता तयार होतो, अडचण नको म्हणून त्याला भरमसाट अधिकार दिले जातात, आणि ॲप सगळी नोंद मागवून नको ते रकाने पडद्यावर लपवते. सॅप या ईआरपीत त्या वापरकर्त्याला ‘सॅप ऑल’, म्हणजे सगळे अधिकार, दिलेले सापडते, ओडू या ईआरपीत जोडणीच्या कोडमध्ये ‘सूडो’ (अधिकार न तपासता चालवण्याचा आदेश) लिहिलेले सापडते, आणि त्याने रेकॉर्ड रूल, म्हणजे कोणाला कोणती नोंद दिसावी याचे नियम, सरळ ओलांडले जातात. मग भूमिकांची वर्षभर बसवलेली घडी एका चष्म्यासाठी विस्कटते. ऑडिट लॉगमध्येही सगळ्या नोंदी एकाच नावावर पडतात, कोणी काय पाहिले ते शोधायला काही उरत नाही.

तपासणी अवघड नाही. चाचणीसाठी सर्टिफिकेट पिनिंग (ठरावीक सर्व्हरशिवाय कोणावरही विश्वास न ठेवण्याची सोय) बंद केलेली ॲपची आवृत्ती मागा, यंत्राचे इंटरनेट एमआयटीएमप्रॉक्सीसारख्या, येणारा-जाणारा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनातून जाऊ द्या, सर्वांत कमी अधिकाराच्या खात्याने लॉगिन करा आणि एका पेटीकडे बघा. सर्व्हरकडून उत्तरादाखल येणारा जेसन स्वरूपातला मजकूर वाचा. पिकिंग करणाऱ्याला, म्हणजे शेल्फवरून माल काढणाऱ्याला, लागते काय? शेल्फ क्रमांक, वस्तूचा कोड, नग, ऑर्डरचे शेवटचे चार अंक. त्या मजकुरात ग्राहकाचे नाव, फोन, खरेदीची किंमत दिसली तर पडद्यावर ते लपवलेले असले तरी उत्पादन नापास. विक्रेता म्हणेल ‘पण दिसत तर नाही ना’. दिसत नाही, पण ते यंत्राच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) आहे, आणि ऑफलाइन मोड चालू असेल तर रात्रभर तिथेच आहे.

दुरुस्ती अशी. एआरसाठी वेगळा एपीआय (सर्व्हरकडून डेटा मागायचा मार्ग), त्यात ठरावीक रकानेच. प्रत्येक माणसाचे स्वतःचे टोकन (लॉगिनचा डिजिटल परवाना), मुदत एका पाळीपेक्षा जास्त नाही. ऑफलाइन कॅश एन्क्रिप्ट केलेली आणि पाळी संपताच पुसली जाणारी. विकासकाने विसरून ठेवलेले डीबग लॉग बंद, कारण अँड्रॉइडवर ते यूएसबीने जोडून सहज वाचता येतात आणि त्यात अख्ख्या नोंदी छापलेल्या असतात.

पेटीवर लावायच्या क्यूआर कोडबाबत एकच नियम: त्यात माहिती भरायची नाही, अर्थ नसलेला क्रमांक भरायचा. कोड कोणत्याही फोनने वाचला जातो. त्यात ग्राहकाचे नाव असेल तर एआर असो वा नसो, ते गोदामाच्या भिंतीवर लिहिल्यासारखेच. आकाराचा ढोबळ हिशेब असा की अंतराचा दहावा भाग, म्हणजे एक मीटरवरून वाचायचा तर दहा सेंटिमीटर. अर्थहीन क्रमांक छोटा असल्याने चौकोनही मोठे राहतात आणि कोड लवकर पकडला जातो.

एक चूक जवळजवळ प्रत्येक प्रात्यक्षिकात दिसते. कोड नजरेत आला की नोंद आपोआप उघडते. बघायला जादू वाटते, पण माणूस एका ओळीतून चालत गेला की वाटेतल्या सगळ्या पेट्यांच्या नोंदी त्याच्या नावावर ‘पाहिल्या’ म्हणून पडतात. वाचनाचा लॉग कुचकामी होतो आणि न लागणारा डेटा यंत्रात उतरतो. कोड दिसल्यावर फक्त ठिपका यावा, नोंद चिमटीने किंवा आवाजाने मागितल्यावर. तुमची ईआरपी वाचनाचा लॉग ठेवते का, हेही बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त बदल नोंदले जातात. सॅपमध्ये वाचनाची नोंद ठेवण्याची सोय आहे, पण ती वेगळी चालू करावी लागते.

झाकण्याचे तंत्र

काही उत्पादने कागदावरचा किंवा दुसऱ्याच्या स्क्रीनवरचा गोपनीय मजकूर चष्म्यातून झाकून दाखवण्याचे वचन देतात. होलोलेन्ससारख्या पारदर्शक भिंगाच्या यंत्रात हे होऊच शकत नाही. अशी भिंगे खऱ्या दृश्यात प्रकाशाची भर घालतात, वजाबाकी करू शकत नाहीत. तिथे काळा रंग म्हणजे पारदर्शक. काळी पट्टी आखली तरी खालचा मजकूर जसाच्या तसा दिसतो. व्हिजन प्रो किंवा मेटाच्या क्वेस्ट ३ मध्ये कॅमेऱ्याचे चित्र दाखवले जाते, म्हणून तिथे झाकता येते, पण घालणाऱ्यापुरतेच.

ईआरपीतून येणारी नावे झाकताना लिपीचा घोळ होतो. ‘पहिले अक्षर ठेवा, बाकी तारे’ हा नियम युनिकोडच्या (संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या) सुट्या चिन्हांवर चालवला की ‘क्षितिजा’चे नुसते ‘क’ उरते. शेवटचे एकच चिन्ह ठेवायला सांगितले की सुटा काना लोंबकळतो. नावे ओळखता येत नाहीत, मग कर्मचारी कंटाळून झाकण्याची सोयच बंद करायला लावतात. तोडणी जोडाक्षरासकट पूर्ण अक्षरावर व्हायला हवी. आणि झाकलेले नाव सर्व्हरवरूनच झाकून यायला हवे, हे वर आलेच.

चष्मा स्वतः गोळा करतो ते

डोके आणि हात कसे हलतात याची नोंद निरुपद्रवी वाटते. २०२३ च्या एका अभ्यासात ५५,५४१ व्हीआर खेळाडूंमधून एकेक माणूस केवळ १०० सेकंदांच्या डोक्या-हातांच्या हालचालींवरून ९४ टक्क्यांहून अधिक वेळा अचूक ओळखला गेला. तेव्हा करारात ‘वापराची निनावी आकडेवारी’ असे लिहिलेले असेल आणि त्यात हालचालींचा कच्चा डेटा जात असेल, तर तो निनावी नाही. हे कलम खोडून घ्या. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याखाली येत असाल तर ओळख पटवण्यासाठी घेतलेला बुबुळाचा डेटा कलम ९ मधल्या विशेष संवेदनशील डेटात मोडतो, आणि सुरू करण्याआधी कलम ३५ चे परिणाम-मूल्यांकन करावे लागेल असे धरूनच चाला.

खोलीचा नकाशा हा दुसरा मुद्दा. ॲपलच्या एआरकिट या एआर ॲप बांधण्याच्या साधनात तो नकाशा फाइल म्हणून यंत्रावर ठेवता येतो. गूगलच्या क्लाउड अँकरमध्ये (खोलीतल्या ठरावीक जागेची सर्व्हरवर जपलेली खूण) दृश्य डेटा त्यांच्या सर्व्हरवर जातो, कच्चा डेटा सात दिवसांत काढला जातो आणि अँकर जास्तीत जास्त ३६५ दिवस राहतो. नकाशातल्या नुसत्या त्रिमित बिंदूंच्या ढगावरून खोलीचे ओळखू येईल असे चित्र पुन्हा उभे करता येते, हे २०१९ मध्येच संशोधकांनी दाखवले आहे. शेल्फवर माहिती दाखवायला क्लाउड अँकर लागतच नाही, क्यूआर पुरतो. शिवाय मायक्रोसॉफ्टची अँकर सेवा २० नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्यांना सगळे नव्याने बांधावे लागले.

दूरस्थ मदतीच्या व्हिडिओत तर टेबलावरचे कागद, शेजारचे मॉनिटर, चेहरे सगळे जातात. चेहरे आपोआप धूसर करणारी सोय डोके वेगाने वळले की मधल्या काही फ्रेममध्ये चुकते, आणि रेकॉर्डिंग थांबवून बघणाऱ्याला एक फ्रेम पुरते. उलटा नियम जास्त पक्का: सगळे चित्र काळे, यंत्रावर चिकटवलेल्या खुणेभोवतीचा चौकोन तेवढा उघडा. तंत्रज्ञाला तेवढेच बघायचे असते. रेकॉर्डिंग मुळातच बंद ठेवा, लागेल तेव्हा दोघांच्या संमतीने सुरू करा.

खरेदीच्या करारात परतीचे कलम आत्ताच लिहून घ्या, कारण दुरुस्तीला जाणारा हेडसेट हे डेटा बाहेर जाण्याचे सर्वांत दुर्लक्षित दार आहे. पाठवण्याआधी कारखान्याच्या मूळ स्थितीत आणणे, ईआरपीतले त्या यंत्राचे टोकन रद्द करणे आणि उपकरण व्यवस्थापनातून (कंपनीची यंत्रे दूरून सांभाळणाऱ्या प्रणालीतून) नाव काढणे, याच क्रमाने. यंत्र बंद पडून चालूच होत नसेल तर पहिली पायरी शक्य नसते. अशा वेळी टोकन रद्द करा, दूरस्थ पुसण्याचा आदेश लावून ठेवा, म्हणजे दुरुस्ती केंद्रात यंत्र इंटरनेटला जोडले जाताच तो लागू होईल, आणि व्यवस्थापनातून नाव त्यानंतरच काढा. क्लाउडमधले अँकर आणि रेकॉर्डिंग यंत्र पुसल्याने जात नाहीत, ते वेगळे काढावे लागतात.